काकूंचे २५ लाख आणि हिशेबातली मुंबई

प्रकरण वरवर साधं होतं. दादरला शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या ७८ वर्षांच्या एका बाईंना मृत्युपत्रात २५ लाख रुपये एका आंतरराष्ट्रीय प्राणीकल्याण संस्थेच्या नावे करायचे होते. मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, राहता फ्लॅट पुतण्याला द्यायचं आधीच ठरलेलं. पुतण्याचा मात्र या देणगीला विरोध. त्याला पैशाचा लोभ होता असं मला वाटलं नाही. राग वेगळाच होता. "काकू, यांचे साहेबलोक लाखांत पगार घेतात. तुझे पैसे कुत्र्याच्या पोटात नाही, विमानाच्या तिकिटात जाणार." काकूंचं म्हणणं असं की दरमहा १,००० रुपये खात्यातून त्या संस्थेला जातात, वेळच्या वेळी पावती येते, पत्रं येतात, मग उगाच संशय कशाला घ्यायचा?

धर्मादाय संस्थांचं ऑडिट हे माझं रोजचं काम. दोघांनी मिळून फाइल माझ्याकडे आणून दिली आणि काकू म्हणाल्या, "अगं, तू वाच आणि सांग. हा सांगतो ते ऐकायचं की मला वाटतं ते करायचं?" संस्थेचं नाव इथे देत नाही. गैरव्यवहार सापडला नाही, आणि जे सापडलं ते तिच्यासारख्या बऱ्याच संस्थांना लागू पडतं. माणसांचे तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत.

पावती कोणाची?

काकूंनी देणगी सुरू केली ती प्लाझाच्या बाजूला एका दुकानाबाहेर टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलाशी बोलून. तिथेच फॉर्म भरला, खात्यावर ई-मँडेट बसलं, म्हणजे दरमहा पैसे आपोआप वळते होण्याची परवानगी. पावतीवर वर मोठा लोगो, जो जगभर एकच आहे. खाली बारीक अक्षरात एका कंपनीचं नाव, दिल्लीचा पत्ता, पॅन आणि ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, नोंदणी क्रमांक. कंपनी म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, नफा न वाटणारी.

लोगो एक, पण कायद्याच्या नजरेत संस्था तीन: लंडनची मूळ संस्था, अमेरिकेतली तिची भगिनी आणि दिल्लीची कंपनी. तिघींची संचालक मंडळं वेगळी, ऑडिटर वेगळे, जाब विचारणारी सरकारं वेगळी. काकूंची समजूत होती की पैसे लंडनला जातात आणि तिथून मुंबईला येतात. पुतण्याची समजूत, लंडनला जातात आणि परत येत नाहीत. दोघंही चुकत होते. करसवलतीची नोंदणी असलेल्या भारतीय संस्थेला आपलं उत्पन्न भारतातल्या कामावरच खर्च करावं लागतं. बाहेर खर्च करायचं तर प्रत्यक्ष कर मंडळाची खास परवानगी लागते. म्हणजे ज्या साहेबाच्या विमानाच्या तिकिटावर पुतण्या चिडला होता, त्याच्या संस्थेला काकूंचा रुपया शिवलाच नव्हता.

पुतण्याने वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरही शोध घेतला होता. तिथे नाव नाही म्हटल्यावर त्याने "बोगस" असा शेराच मारला. महाराष्ट्रात आपल्याला ट्रस्ट म्हटलं की वरळीच आठवते, पण कलम ८ची कंपनी कंपनी निबंधकांकडे हिशेब भरते. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की तिचा ताळेबंद, संचालकांची नावं, ऑडिटरचा अहवाल असं सगळं कोणालाही पाहता येतं. आम्ही पाहिलं. हिशेब वेळेवर भरलेले, ऑडिटरचा शेरा स्वच्छ.

जाता जाता एक. काकू नव्या करप्रणालीत आहेत, त्यामुळे ८०जीची वजावट त्यांना मुळात मिळतच नाही. हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग एवढ्या पावत्या मी फाइलला लावल्या त्या कशासाठी?" मी म्हटलं, खालच्या बारीक अक्षरांसाठी.

रुपयातले किती पैसे?

पुतण्याचा मुख्य प्रश्न सगळेच विचारतात तो: रुपयातले किती पैसे प्राण्यांपर्यंत पोचतात? या प्रश्नाला प्रत्येक संस्थेकडे रंगीत गोल तक्ता तयार असतो. मला स्वतःला या तक्त्याचं फारसं कौतुक नाही, आणि त्याचं कारण काकूंच्याच फाइलमध्ये होतं.

संस्थेकडून आलेला एक लिफाफा त्यांनी जपून ठेवला होता. आत फ्रिजला लावायचं चुंबक, त्यावर एका कानाचं पिल्लू. सोबत एक पत्रक. वरच्या अर्ध्या भागात लिहिलेलं, पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, आत मांजर बसलेलं असू शकतं. खालच्या अर्ध्या भागात देणगी वाढवायचा फॉर्म. आता या लिफाफ्याची छपाई आणि टपालखर्च कशात धरायचा? वरचा भाग जनजागृती, खालचा भाग निधिसंकलन. निम्मा-निम्मा वाटला तर निम्मा खर्च 'प्राण्यांसाठी' झाला असं दिसतं. अमेरिकेच्या हिशेबनियमांत अशा सामाईक खर्चाची वाटणी काही अटींवर करता येते. ब्रिटनमध्ये मुख्यालयाचं भाडं, संगणक, मनुष्यबळ विभाग असा आधारभूत खर्च वेगवेगळ्या कार्यक्रमांवर वाटायचा असतो, आणि कशाच्या प्रमाणात वाटायचा ते संस्था ठरवते. यात लबाडी असतेच असं नाही. पण एकाच खर्चाचे दोन प्रामाणिक हिशेबनीस दोन वेगळे तक्ते काढू शकतात, एवढं लक्षात ठेवावं.

भारतात परदेशी निधीपुरती मर्यादा कायद्यानेच घातली आहे. विदेशी अंशदान नियमन कायद्यात २०२० च्या सप्टेंबरात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्यातही इस्पितळातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरत नाहीत, कार्यालयातल्या हिशेबनिसाचा धरतात. मग होतं काय, तर मर्यादेच्या आत बसायला संस्था सगळ्यात आधी हिशेबनीस कमी करते. आणि पुढच्या वर्षी आम्हा ऑडिटरांना व्हाउचर सापडत नाहीत. प्रशासनावर जवळजवळ काहीच खर्च नाही असं अभिमानाने सांगणारी संस्था दिसली की मी तिची बिलं जरा जास्तच काळजीने तपासते. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्थांनी खुलं पत्र काढून देणगीदारांना सांगितलं होतं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्थेची पारख करू नका. धर्मादाय संस्थांची माहिती देणं आणि त्यांचं मूल्यमापन करणं हेच ज्यांचं काम, त्यांनीच असं म्हणावं यातच काय ते आलं.

पगारांचा मुद्दा पुतण्या सोडायला तयार नव्हता, आणि तो विचारणं रास्तही होतं. इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत प्रत्येक संस्थेचं वार्षिक उत्पन्न, खर्च आणि विश्वस्तांची नावं फुकट दिसतात. ६० हजार पौंडांहून जास्त पगार घेणारे किती, हे दहा-दहा हजारांच्या टप्प्यांत हिशेबात छापावं लागतं. अमेरिकेत ९९० नावाच्या विवरणपत्रात तर वरिष्ठांचा पगार नावानिशी येतो. पुतण्याने लंडनच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगाराला पौंडाच्या भावाने गुणलं आणि कागद काकूंसमोर ठेवला. काकूंनी चष्मा लावून आकडा पाहिला. "आमच्या बँकेची लंडनला शाखा होती," त्या म्हणाल्या. "तिथल्या मॅनेजरला काय दादरचा पगार द्यायचे?"

पुतण्याने आणखी एक गोष्ट खणून काढली होती आणि ती खरी होती. अमेरिकेतल्या एका सर्कसच्या हत्तींवरून प्राणीसंस्थांनी चालवलेला खटला उलटला, आणि सर्कसच्या मालक कंपनीला २०१२ मध्ये एएसपीसीए या प्राणीसंस्थेने ९३ लाख डॉलर, तर २०१४ मध्ये ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स आणि इतरांनी मिळून १ कोटी ५७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. आपल्या काकूंच्या संस्थेचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण मुद्दा बिनतोड होता: मोठ्या संस्थांचं बरंच काम न्यायालयात आणि धोरणांत चालतं, तिथे हरण्याची किंमत मोठी असते, आणि कुत्र्याचा फोटो पाहून पैसे देणाऱ्याला आपण वकिलाची फी भरतोय हे माहीतही नसतं.

'दक्षिण आशिया'

मग आम्ही उलट दिशेने गेलो. लंडन आणि अमेरिकेतून भारतात किती आणि कशासाठी येतं?

अमेरिकेच्या विवरणपत्रात परदेशातल्या खर्चाची एक स्वतंत्र अनुसूची असते. तिच्यात परदेशी अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या नावाचा रकाना चक्क करडा, भरायचाच नसतो. फक्त प्रदेश लिहायचा. आपला भाग 'दक्षिण आशिया'. कराची, काठमांडू, कोलंबो आणि काळाचौकी सगळं एका ओळीत. लंडनच्या अहवालात तपशील जरा बरा होता, तरी 'भारत' याच्या पलीकडे तोही जात नव्हता.

भारतीय बाजूला परदेशी निधीचं वार्षिक विवरण डिसेंबरअखेर गृहमंत्रालयाकडे भरावं लागतं. निधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात उतरवायचा, हीही २०२० चीच अट. पूर्वी तिमाही आकडे संकेतस्थळावर टाकायची सक्ती होती, ती जुलै २०२२ मध्ये काढली गेली. म्हणजे सरकारला हिशेब जास्त कडक मिळतो आणि देणगीदाराला कमी दिसतो, अशी विचित्र स्थिती आहे.

त्या दुरुस्तीतला सगळ्यात खोल घाव मात्र वेगळा. परदेशी निधी घेतलेल्या संस्थेने तो पुढे दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. त्याआधी मोठी संस्था पैसे घ्यायची आणि लहान-लहान स्थानिक संस्थांना वाटायची. माहीमला भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या ट्रस्टला अशीच थोडी मदत एका मोठ्या भारतीय संस्थेमार्फत यायची, ती २०२० नंतर थांबली. स्वतःची नोंदणी करायची तर तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मुख्य उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. या ट्रस्टचा उल्लेख आत्ताच करून ठेवते, कारण पुढे सगळं त्याच्यापाशीच येतं.

मुंबई होती, पण जमेच्या बाजूला

दिल्लीच्या कंपनीच्या हिशेबाला जोडलेल्या टिपा हा या प्रकरणाचा गाभा. कार्यक्रमांवरचा खर्च कुठे झाला होता? कोंबड्यांना पिंजऱ्यात कोंबण्याविरुद्धची मोहीम, दुसऱ्या दोन राज्यांत पशुवैद्यकांचं प्रशिक्षण, एका पुरात गुरांना चारा. सगळी कामं खरी. बिलं, फोटो, ऑडिट सगळं जागेवर. मुंबईतल्या भटक्या कुत्र्या-मांजरांवर त्या वर्षी एक रुपयाही नव्हता.

मुंबईचं नाव हिशेबात यायचं ते निधी गोळा करणाऱ्या एजन्सीच्या बिलांवर. टॅब घेऊन उभी असलेली मुलं त्या एजन्सीची, संस्थेची नव्हेत. या पद्धतीचं अर्थकारण देणगीदारांना कोणी समजावून सांगत नाही. रस्त्यात जोडलेल्या देणगीदाराची पहिल्या वर्षाची देणगी बहुतेक वेळा त्याला जोडण्याच्या खर्चातच जाते. बरेच जण काही महिन्यांत मँडेट बंद करतात. संस्थेला फायदा होतो तो वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्यांमुळे, म्हणजे काकूंसारख्यांमुळे. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. याहून स्वस्त मार्ग संस्थांकडेही फारसे नाहीत. पण "माझा पहिला हजार रुपया कुत्र्याच्या औषधाला गेला" ही काकूंची समजूत खरी नव्हती.

आणि चुंबकासोबत आलेल्या त्या पत्रकावरचा फोटो? काळी-पिवळी टॅक्सीखाली बसलेलं कुत्रं. त्याखाली फॉर्ममध्ये शब्द होते, 'भारतातील प्राण्यांच्या कल्याणासाठी'. पैसे भारतातल्या प्राण्यांवरच खर्च झाले होते. कायद्याने, हिशेबाने, कशानेही बोट ठेवायला जागा नाही. फक्त काकूंनी पैसे दिले होते ते दादरच्या कुत्र्यांसाठी, असं त्यांच्या मनात होतं आणि कागदावर कुठेच नव्हतं.

देणगी दोन प्रकारची: विशिष्ट कामासाठी बांधलेली आणि मोकळी. बांधलेली दुसरीकडे वळवणं हा विश्वासघात. मोकळी कुठेही वापरता येते. रस्त्यावर घेतलेल्या देणग्या जवळपास सगळ्या मोकळ्या असतात, आणि फोटो मात्र बांधलेल्या देणगीचा भास देतो. जगभरातल्या प्राणीसंस्थांच्या जाहिरातींत ही फट असते.

दिल्लीच्या कार्यालयाला काकूंच्या नावाने प्रश्न पाठवले. मुंबईत काम आहे का, नसेल तर फोटो का, मृत्युपत्रातली रक्कम एखाद्या शहरापुरती बांधून घ्याल का, आणि 'इतक्या लाख प्राण्यांपर्यंत पोचलो' हा आकडा कसा काढता. उत्तरं आली, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा सरळ आली. मुंबईत थेट काम नाही. फोटो प्रातिनिधिक. शहरापुरती रक्कम बांधून घेता येणार नाही, कारण तिथे खर्च करायला यंत्रणाच नाही. आणि लाखांचा आकडा? एखाद्या कंपनीने पिंजऱ्यातली अंडी घेणार नाही असं जाहीर केलं की तिच्या पुरवठ्यातल्या सगळ्या कोंबड्या त्यात धरल्या जातात. शब्द देऊन अजून पाळला नाही अशा कंपन्यांची यादीही त्यांनी आपणहून जोडली होती. ती यादी वाचून या संस्थेबद्दलचं माझं मत चांगलं झालं. न झालेलं काम लिहून देणारी संस्था क्वचित भेटते.

बरण्या

मी काकूंना एक प्रश्न विचारला. गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या कुत्रीला गाडीने उडवलं, तेव्हा फोन कोणाला केलात? माहीमच्या ट्रस्टला. माणूस आला होता का? आला होता, टॅक्सी घेऊन. मग २५ लाखांच्या यादीत त्यांचं नाव का नाही? काकू गप्प झाल्या. "ते कधी मागायला आले नाहीत," एवढंच म्हणाल्या.

म्हणून त्या ट्रस्टचे कागदही पाहायला घेतले. तीच फूटपट्टी, तेच प्रश्न.

कामाच्या बाजूने सांगते. ट्रस्ट पालिकेसाठी कुत्र्यांची नसबंदी करतो आणि प्रति कुत्रा मोबदला घेतो. प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नव्याने लिहिले गेले; नसबंदी केंद्राला प्राणीकल्याण मंडळाची मान्यता लागते आणि स्थानिक देखरेख समिती असते. पैसे मागायचे तर पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा मी त्या केंद्रात फळीवर मांडलेला पाहिला: फॉर्मॅलिनच्या बरण्या, आणि आत शस्त्रक्रियेत काढलेले अवयव. समितीने ते मोजायचे, नोंदवहीतल्या संख्येशी ताडून पाहायचे, मग विल्हेवाट लावायची. कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते, त्यामुळे रस्त्यावरही ओळखू येतं. वास सहन होत नाही, पण लाभार्थ्यांची इतकी रोखठोक मोजणी मी दुसऱ्या कुठल्याही धर्मादाय क्षेत्रात पाहिलेली नाही. शहराच्या पातळीवरही मोजणी होते. २०१४ मध्ये मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री मोजली गेली होती, दहा वर्षांनंतर पालिकेने ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेला घेऊन केलेल्या पाहणीत सुमारे ९० हजार. तेव्हा आंतरराष्ट्रीय म्हणजे मुंबईपासून लांबच, असंही नाही.

दवाखान्याचं रोजचं रोखपुस्तकही चाळलं. 'टॅक्सी, माहीम ते परळ, मांजर, पाय मोडलेलं.' 'सलाइन सेट.' 'तांदूळ, हळद.' प्रत्येक नोंदीला व्हाउचर, व्हाउचरला बिल, टॅक्सीवाला बिल देत नाही तिथे नेणाऱ्याची सही.

आता दुसरी बाजू. धर्मादाय कार्यालयातून अनुसूची एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा, उतारा काढला तर पाचपैकी दोन विश्वस्त वारलेले. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेलाच नाही. वार्षिक हिशेबाचं ऑडिट मार्चअखेरपासून सहा महिन्यांत व्हायला हवं. ते झालेलं, पण काही वर्षांचे अहवाल कार्यालयात उशिरा दाखल. खात्यावर सही कोणाची चालते याबद्दल बँकेने आधीच एकदा पत्र पाठवलेलं. उरलेल्या विश्वस्तांपैकी एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो मॅडम, कुत्री पकडायची का वरळीला खेटे घालायचे?" उत्तर असं की दोन्ही. पण त्यांचा वैताग मला कळला.

पुतण्या या कागदांवर खूश झाला. "बघा, हेही तसलेच." मी त्याला दोन ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. एका संस्थेचे कागद चोख, काम लांबवर आणि डोळ्यांना न दिसणारं. दुसरीचं काम दाराशी, मोजून घेता येणारं, आणि कागद गचाळ. गचाळ कागद दुरुस्त होतात. लांबचं काम जवळ आणता येत नाही, आणि आणायची गरजही नसते. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा प्रश्न माहीमच्या ट्रस्टला कधीच सुटणार नाही.

या शहरात जनावरांसाठीचा दानधर्म जुना आहे. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून मुंबईत पारशांनी दंगल केली, १८३४ मध्ये भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली, परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळ १८८३ चं. देणारे शेठ त्याच शहरात राहायचे. वाटलं तर जाऊन गोठ्यात डोकवायचे. दाराशी जाऊन पाहता येतं ही सोय ऑडिटच्या किती तरी आधीपासूनची आहे, आणि लोगो जितका मोठा तितकी ती दूर जाते.

मृत्युपत्रात काय लिहिलं

मृत्युपत्रातून देणाऱ्याचा एक तोटा आहे: तो पुढे कधीच हिशेब मागत नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या प्राणीसंस्थांच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा अशा रकमांचा असतो, आणि त्या बहुतेक मोकळ्या असतात. संस्थांना हा पैसा सगळ्यात प्रिय का, ते समजायला फार डोकं लागत नाही. म्हणून वकिलाबरोबर बसून जे काही बांधायचं ते आधीच बांधलं.

२५ लाखांचे दोन भाग झाले. २० लाख माहीमच्या ट्रस्टला, कायम निधी म्हणून. मुद्दल सुरक्षित ठेवींत, व्याज शक्यतो पालिकेच्या जी-उत्तर विभागातल्या भटक्या कुत्र्या-मांजरांच्या उपचारावर. 'शक्यतो' हा शब्द मी आग्रहाने घालून घेतला. काकूंना 'फक्त आमच्या गल्लीतल्या' असं लिहायचं होतं. इतकी घट्ट बांधलेली देणगी पुढे परिस्थिती बदलली की अडकते, आणि मग उद्देश बदलून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. अट एकच: रक्कम देण्याच्या वेळी विश्वस्तांची नावं अद्ययावत आणि आधीच्या वर्षापर्यंतचे हिशेब दाखल असले पाहिजेत. नसतील तर रक्कम दुसऱ्या नाव दिलेल्या संस्थेला. पहिली काही वर्षं ट्रस्टने वार्षिक हिशेबाची प्रत मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, म्हणजे पुतण्याला, द्यायची. या कामासाठी त्याच्याइतका संशयी माणूस शोधून सापडला नसता.

उरलेले ५ लाख दिल्लीच्या कंपनीला, कसलीही अट न घालता. यावर पुतण्याने पुन्हा आक्षेप घेतला. माझं मत मी दिलं: मोहिमेचं काम मोकळ्या पैशावरच चालतं. काकूंना ते काम पटतंय का, एवढाच प्रश्न. काकूंनी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांबद्दलचं ते उत्तर दोनदा वाचलं होतं. "पटतंय," म्हणाल्या.

या भागात नुसता लोगोचा उल्लेख चालणार नव्हता. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पॅन असं सगळं लिहिलं. ती अंमलबजावणीच्या वेळी अस्तित्वात नसेल तर काय, तेही. आंतरराष्ट्रीय नावाच्या संस्था भारतातून गाशा गुंडाळतात हे काल्पनिक नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या भारतीय संस्थेने खाती गोठवल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये काम थांबवलं होतं. कलम ८ची कंपनी बंद झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांना मिळत नाही. न्यायाधिकरणाच्या अटींवर तशाच उद्दिष्टांच्या दुसऱ्या कंपनीला जाते किंवा विकून पैसे दिवाळखोरी निधीत जमा होतात. कायदा म्हणून हे ठीक, पण काकूंना त्या निधीशी देणंघेणं नव्हतं. म्हणून पर्यायी नाव.

ट्रस्टने आता बदल अर्ज दाखल केला आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. बँकेने तोवर सहीचा प्रश्न ठरावावर चालवून घेतला. दरमहाचे १,००० रुपये काकूंनी बंद केले नाहीत, तेवढीच रक्कम माहीमलाही सुरू केली.

दिल्लीहून मात्र एक मेल आली. मृत्युपत्रात संस्थेचा समावेश केल्याबद्दल आभार, आणि नोंदीसाठी एक प्रत पाठवाल का? अशा नोंदींवरून संस्था पुढच्या वर्षांचा अंदाज बांधतात; हिशेबात ते उत्पन्न धरता येत नाही, कारण माणूस जिवंत असेपर्यंत मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं. प्रत पाठवू नका असा सल्ला मी दिला आणि उत्तराचा मसुदा करून काकूंना वाचून दाखवला. त्यांना तो फार लांबलचक वाटला. "एवढं कशाला लिहितेस," त्या म्हणाल्या. "अजून मी आहे म्हणावं."